उंडे आणायला पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टर वसुधाबाई गेल्या, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी मला त्यांच्यावर चार पानं लिहायला सांगितलं होतं. "तुमच्या घरी त्यांचं जाणं-येणं होतं, तुम्हीच लिहा," असं सेक्रेटरी म्हणाले. मी डोळ्यांचं कारण सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी परत विचारलं, तेव्हा कंबरेचं सांगितलं. माझे डोळे बरे आहेत, कंबरही बरी आहे. वसुधाबाईंवर लिहायचं म्हणजे माझ्या हातून काय झालं ते लिहावं लागणार, आणि ते मी आठ वर्षं टाळत आलो होतो. गेल्या महिन्यात माझ्या नातीचा पुण्याहून फोन आला. त्यानंतर टाळता येईना.

नातीला इथे केतकी म्हणतो. "लिहा, पण माझं नाव बदला," असं तिनेच सांगितलंय.

वसुधाबाई मनाच्या आजारांच्या डॉक्टर. राहायच्या पेडण्याकडे, मोरजीच्या अलीकडच्या एका गावात. दर बुधवारी दोन बस बदलून डिचोलीला यायच्या. बाजारातल्या एका बेकरीच्या वरची खोली त्यांनी घेतली होती. बुधवार का, हे मला फार उशिरा कळलं. बुधवारी आमचा आठवड्याचा बाजार असतो. हातात भाजीची पिशवी असली की माणूस कुठल्याही जिन्याने वर गेला तरी कुणी विचारत नाही. त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक मुळ्याच्या जुड्या आणि सुके बांगडे घेऊन बसलेले असत. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या खोलीला मासळीबाजाराचा वास येतो." त्या म्हणाल्या, "येऊ दे. वास येतोय म्हणून तर लोक येतात."

अंगाने बारीक, केस पांढरे आणि आखूड, सुती साडी, पायात रबरी चपला. मनगटावर पुरुषी घड्याळ. पेशंट समोर बसला की त्या ते काढून मेजावर पालथं ठेवायच्या. सगळं पेन्सिलने लिहायच्या. फक्त एखाद्याला कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं असेल तर ते तेवढं शाईने. पेन्सिल का, असं विचारलं तर म्हणायच्या, "माणसाचं मत बदलतं. माझंही बदलतं. खोडायला सोय असावी."

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा केतकी सोळा वर्षांची, अकरावीत. तीन महिने ती खोलीतून नीट बाहेर आली नव्हती. केस विंचरायची नाही, जेवणावर बसून राहायची, कॉलेजात जायची तर अर्ध्या वाटेवरून परतायची. शेजाऱ्यांना आम्ही अंगात रक्त कमी आहे असं सांगितलं होतं. मी, माझा मुलगा दिलीप आणि सून, तिघे तिला घेऊन बसलो आणि तिघे एकदम बोलायला लागलो. वसुधाबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "आजोबा, खाली बेकरीत जा आणि चार उंडे आणा. गरमच आणा. दिलीपराव, तुम्हीपण जा. बायको इथे एकटी कशी बसणार, तिलाही न्या."

"डॉक्टर, पण पोरीला बोलायला..."

"गोळी कोण खाणार? ती ना? मग बोलू दे तिला."

खाली बेकरीवाल्याकडे टोपलीत उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, होते, वाफ येत होती. मी चार मागितले. त्याने विचारलं, "वर दिवपाक?" मी म्हटलं, हो, वर द्यायलाच. तो म्हणाला, "मग अर्धा तास लागेल." मी टोपलीकडे बोट केलं. तो हसला. "ते भाजलेले. तुमचे अजून भाजायचे आहेत." हा त्यांचा करार होता. वरून पाठवलेल्या नातेवाइकाला अर्धा तास उंडे द्यायचे नाहीत. डिचोलीतले कितीतरी बाप, सासू आणि नवरे त्या भट्टीसमोर घाम पुसत उभे राहिलेत.

आम्ही वर आलो तेव्हा केतकीचे डोळे रडून सुजले होते, पण ती बोलत होती. वसुधाबाईंनी उंडा मोडून पहिला तुकडा तिला दिला, उरलेले आम्हाला वाटले आणि थर्मासमधला काळा चहा कोपांत ओतला. गप्पा मारता मारता त्यांचं लक्ष केतकीच्या हातातल्या तुकड्याकडे होतं. किती खाल्ला, किती कुसकरून ठेवला. पुढच्या सगळ्या भेटींत मी हे पाहिलं. "बरं वाटतं" असं कुणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "ते नको. काल दुपारी शीतकडी किती वाजता जेवलीस, ते सांग. कुणी वाढली? तू उठून घेतलीस?" यावरून त्यांना काय कळायचं ते कळायचं.

पहिली गोळी सुरू करताना त्यांनी दिलीपला आणि मला समोर बसवलं आणि त्रासांची यादी मोठ्याने वाचून दाखवली. दिलीप म्हणाला, "हे सगळं सांगून तुम्ही आम्हाला भिववता." त्या म्हणाल्या, "इंटरनेटवर तुम्ही वाचणारच. माझ्या तोंडून ऐका, म्हणजे कुठलं खरं नि कुठलं कधीतरीच होतं ते कळेल." या वयाच्या मुलांना पहिल्या काही आठवड्यांत कधी कधी अस्वस्थपणा वाढतो, नको ते विचार वाढू शकतात, म्हणून नजर ठेवायची. शेतीची औषधं कुलपात ठेवायची. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बंद करायची तर पायरी पायरीने, विचारून.

मग त्यांनी एक शंभर पानी वही पुढे केली. "रोज कोण देणार गोळी?"

"मी देईन," मी म्हटलं.

"तुम्ही करत होता काय, आजोबा?"

मी खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो. खनिजाचा ट्रक काट्यावर चढला की भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, सगळं लिहायचं. एकतीस वर्षं. वसुधाबाईंना हे फार आवडलं. "मग तुमच्यासारखा माणूस मला मिळायचा नाही. रोज गोळी दिली की खूण करायची. झोप किती, जेवण किती, हात, पोट, डोकं. काही लपवायचं नाही." त्या दिवसापासून मी त्यांचा काटेवाले आजोबा झालो.

पहिली गोळी केतकीला मानवली नाही. ती एका जागी बसू शकेना. जेवताना उठायची, अंगणात जाऊन यायची, परत बसायची. झोप गेली. मी वहीत लिहिलं. वसुधाबाईंनी दर तीन दिवसांनी फोन केला, एका रविवारी स्वतः मोरजीकडून आल्या आणि गोळी हळूहळू उतरवून बदलायचं ठरवलं. त्या दिवशी त्यांनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला गोळी काय देईल, दुसऱ्या बाजूला काय घेईल. मळमळ, तोंड कोरडं पडणं, झोप, हात थरथरणं, वजन. "यातलं कुठलं तू चालवून घेशील, बाय?" केतकीने पेन्सिल घेऊन प्रत्येकापुढे आकडा घातला, जेवढं नको तेवढा मोठा. मळमळ चालेल. झोप चालेल. वजनापुढे तिने घातलेला आकडा बघून वसुधाबाई हसल्या. "हे सगळ्याच पोरींना चालत नाही. मलासुद्धा चाललं नसतं." मी आणि दिलीप तिथेच उभे होतो. आम्हाला आकडे विचारले नाहीत.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. आमच्याकडे काही ठरवायचं असेल तर देवळात प्रसाद लावतात. भट देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण गाऱ्हाणं घालायचं, उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. जमीन, लग्न, घराचा पाया, सगळ्याला. एका बुधवारी मी जिन्यावर बसलो होतो. आत साखळीकडचे एक गृहस्थ होते, दार अर्धं उघडं. त्यांनी मुलाचं औषध सुरू करायला नकार दिला होता, कारण देवाने डावा दिला. मला वाटलं आता बाई चिडणार. त्या म्हणाल्या, "देवाला विचारलंत ते बरं केलंत. पण विचारलंत काय?"

"औषध द्यायचं काय म्हणून विचारलं."

"मुलगा आठ दिवस जेवला नाही, हे सांगितलंत देवाला?"

गृहस्थांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग त्याने कशावर उत्तर द्यावं? परत जा. दोन्ही बाजू सांगून विचारा. मी नको म्हणत नाही."

ते गेले आणि पुढच्या बुधवारी मुलाला घेऊन आले. मागाहून मी विचारलं, "डॉक्टर, तुमचा प्रसादावर विश्वास आहे?" त्या म्हणाल्या, "आमच्या घराण्याला देवळाचा मान आहे. लहानपणापासून मी पाकळ्या पडताना बघितल्यात. देव कधी चुकलेला मला ठाऊक नाही. विचारणारे चुकतात." मला हे बोलणं इतकं आवडलं की मी घरी जेवताना सांगितलं.

दुसरी गोळी लागू पडली. सात आठवडे लागले. एके सकाळी केतकी आपणहून न्हाली आणि स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "मणगणें कर ना, गोड खावंसं वाटतंय." सून चुलीकडे तोंड करून रडली. केतकी मला परत बहिरा म्हणून चिडवू लागली. कॉलेजात जाऊ लागली. वहीत मी हे सगळं लिहिलं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, हात थरथरतात.

केतकी पेटी वाजवायची. आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या भजनात आठवीपासून तीच पेटीवर. एकादशीच्या तालमीला ती बसली आणि बोटं दोनदा भलत्याच सुरावर गेली. मागे कुणीतरी हसलं. तिने भाता बंद केला, पेटीवर कापड घातलं आणि घरी आली.

वसुधाबाईंनी तिला विचारलं, "आता तूच बोल. डोस थोडा कमी करून महिनाभर बघता येईल. पण आत्ताच बरी झालीयस, लगेच कमी करायला मला धीर होत नाही. नाहीतर तिसरी एखादी गोळी. पण ती कशी निघेल ठाऊक नाही. आणखी एक आहे, थोडे दिवस आहे तसं राहायचं."

केतकी विचार करून म्हणाली, "थांबते. पेटी कुठे पळून जात नाही."

"आजोबांना चालेल?" वसुधाबाईंनी माझ्याकडे बघून थट्टेत विचारलं.

"तिचं तिला ठाऊक," मी म्हटलं.

मला चालत नव्हतं. चतुर्थी दोन आठवड्यांवर होती. आमच्या मूळ घरी चार भावांची कुटुंबं जमतात आणि आरतीला पेटीवर केतकी असते. ती का वाजवत नाही, असं पंचवीस माणसं विचारणार. हात का थरथरतात, असं विचारणार. मग रक्त कमी असल्याचं पुरणार नाही. हे मी त्या वेळी स्वतःशीही असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. त्या वेळी म्हटलं ते असं, की पोरीचा एकुलता एक आनंद गोळीने घेतलाय.

मी देवळात गेलो आणि प्रसाद लावला. गाऱ्हाणं मी स्वतः सांगितलं. "पोरीचे हात बरे व्हावेत, चतुर्थीला तुझ्या नावाची पेटी तिच्या हातून वाजावी, तर ती गोळी बंद करू का?" ती सात आठवड्यांनी जेवू लागली, हे मी देवाला सांगितलं नाही. कॉलेजात जाऊ लागली, हेही सांगितलं नाही. साखळीच्या गृहस्थांची गोष्ट मला आठवत होती. उजवी पाकळी लगेच पडली.

गोळ्या मी पट्टीतून काढून स्टीलच्या डबीत ठेवायचो आणि संध्याकाळी एक तिच्या हातावर द्यायचो. पट्टी ती बघायचीच नाही. मी ताकदीच्या पांढऱ्या गोळ्या आणल्या. आकार जवळपास तोच होता. त्या दिवसापासून तिला त्या दिल्या. वहीत रोज खूण केली. एकवीस खुणा.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिला गरगरायला लागलं. डोकं हललं की आत करंट मारल्यासारखं होतं, असं म्हणायची. क्षुल्लक गोष्टीवर रडायची, भांडायची. तिने माझ्यासमोर वसुधाबाईंना फोन केला. फोन मोठ्या आवाजात ठेवला होता, मला ऐकू यावा म्हणून.

"गोळी वेळेवर घेतेस ना, बाय? एखादी चुकली असेल तरी असं होतं."

"नाही, डॉक्टर. रोज आजो देतो."

"हां, मग तो प्रश्न नाही."

पुढच्या आठवड्यात करंट कमी झाले, हात स्थिर झाले. चतुर्थीला तिने पेटी वाजवली. पाच आरत्या, एकही सूर हलला नाही. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "पोरीच्या बोटांत सरस्वती आहे." मी देवाच्या मूर्तीकडे बघून हात जोडले. इतकं बरोबर मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

विसर्जनानंतर ती खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर येईना. बाविसाव्या दिवशी सकाळी कॉलेजला म्हणून निघाली. अकरा वाजता मला आमच्या जुन्या खाणीवरच्या वॉचमनचा फोन आला. दोडामार्गचा माणूस, मी काट्यावर असल्यापासून ओळखीचा. खाण बंद पडून बरेच दिवस झाले होते, खड्ड्यात हिरवं पाणी साचलं होतं. "काका, तुमची नात हंय बसलीसा. मी बोलतंय तिच्यावांगडा. तुम्ही सावकाश येवा, घाय करू नकात." मी आणि दिलीप पोचलो तेव्हा ती कडेपासून पाच-सहा हातांवर बसली होती. वॉचमनने आपल्या कुत्र्याची दोरी तिच्या हातात देऊन ठेवली होती. "धरून बस गो, सोडलंस तर पळतलो," असं सांगून. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

हे मी थोडक्यात लिहितो. तिला काही झालं नाही. त्या माणसाचे उपकार आहेत.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी दिलीप वसुधाबाईंच्या खोलीत ओरडला. बाजार भरलेला. जिन्यावर पिशव्या घेऊन बसलेले लोक ऐकत होते. "पहिली गोळी चुकली, दुसरी चुकली! आमची पोर काय प्रयोगाला आणली होती तुम्ही?"

वसुधाबाईंनी वही मागितली. एक एक पान उलटत सगळ्या खुणा बघितल्या. म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला असेल."

"असेल काय? चुकलाच!"

"बरं. चुकला." त्यांनी घड्याळ काढलं आणि पालथं ठेवलं. "दिलीपराव, बायकोला आणि केतकीला घेऊन खाली जा. चार उंडे आणा."

मी उठलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा."

इतक्या भेटींत मला त्यांनी कधी मागे ठेवलं नव्हतं. उघड्या जनेलातून खालच्या कोळणींचा आवाज येत होता. त्यांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "काटेवाले आजोबा, एकतीस वर्षांत वजन लिहिताना एखादी चूक?"

"एकही नाही."

"मग ही वहीपण बरोबर."

मी मान हलवली.

"बरोबर आहे ना?"

"आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. केतकीच्या हातातल्या उंड्याकडे बघायच्या तशा. अर्धा तास होता. बेकरीवाला त्यांना वर सोडणार नव्हता. मला सांगायला अर्धा तास दिला होता त्यांनी, आणि मी तो जनेलातून खाली बघण्यात घालवला.

दुसरी गोळी लागू पडत नाही असं ठरलं आणि तिसरी सुरू झाली. तिसरीने केतकी तगली, पण वजन फार वाढलं आणि दुपारी बारापर्यंत झोपून राहू लागली. बारावीचं वर्ष गेलं. कॅलेंडरच्या पानावर जिच्यापुढे तिने सगळ्यात मोठा आकडा घातला होता, तीच गोष्ट तिला मिळाली. उरलेल्या दुसऱ्या गोळ्या मी न्हाणीत ओतून टाकल्या होत्या.

बाजारात बोलणं पसरलं. बेकरीवरची डॉक्टरीण चुकीच्या गोळ्या देते, एक पोर खाणीत उडी मारायला गेली होती. न्हाव्याकडे, बसस्टँडवर मी ते ऐकलं. कुणी मला विचारलं, "खरं काय हो?" तर मी म्हणायचो, "जाऊ दे, झालं ते झालं." एवढ्याने त्यांना हो कळायचं. बुधवारची गर्दी कमी होत गेली. दीड वर्षाने वसुधाबाईंनी ती खोली सोडली. वय झालं, दोन बस बदलणं होत नाही, असं त्यांनी कारण दिलं. बेकरीवाला मात्र मला बघून तोंड फिरवायचा. त्याला काही ठाऊक होतं असं नाही. त्याचं गिऱ्हाईक गेलं होतं आणि दिलीपचं ओरडणं त्याने ऐकलं होतं.

खोली सोडून त्यांना तीन वर्षं झाली, तेव्हा मी एकदा त्यांच्या गावी गेलो. पिशवीत वही होती. त्या एकवीस खुणांवर मी लाल शाईने काट मारून खाली सही केली होती. बसमध्ये वाक्य जुळवत होतो.

त्या सोप्यावर मासळी निवडत बसल्या होत्या. ओळख लागायला क्षणभर लागला, मग म्हणाल्या, "काटेवाले आजोबा! पेटी काय म्हणते?"

"पुण्याला नेलीय तिने. वाजवते अधूनमधून."

"नि गोळी?"

"तिकडच्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. सध्या बरी आहे."

"बरं झालं. बरं झालं." हात धुऊन त्या आल्या. "बसा. मला तुम्हाला एक विचारायचं होतं. फार दिवस डोक्यात आहे."

मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात फाटकातून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी केतकीएवढीच असेल त्या वेळच्या. मान खाली. बाईने आल्याबरोबर बोलायला सुरुवात केली. लांब रस्त्यावर सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला. वसुधाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "आजोबा, एक काम करा. या बाईंना घेऊन जा आणि चार उंडे आणा. घाई करू नका. मग आपण बोलू."

ती बाई आणि मी पोदेराकडे गेलो. मी उंडे घेतले. बाई सांगत होती, मुलगी आठ दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, "त्यांना सगळं सांगा. काही गाळू नका." परत आलो तर दार लावलेलं होतं. बाई सोप्यावर बसली. बाजूच्या जनेलातून मला वसुधाबाई दिसल्या. मेजावर घड्याळ पालथं होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पुढे वाकल्या होत्या आणि त्या मुलीचं ऐकत होत्या. मुलगी बोलत होती. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

मी उंड्यांची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि वही घेऊन बसस्टॉपवर आलो. दार बंद होतं म्हणून परतलो, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. खरं असं की दार बंद मिळालं तेव्हा मला बरं वाटलं. पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. मग पाऊस, मग माझा दमा. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

गेल्या महिन्यात केतकीचा फोन आला. तिला परत त्रास सुरू झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी जुनं दप्तर मागितलं होतं. वसुधाबाईंच्या मुलीने ते शोधून पाठवलं. केतकी म्हणाली, "आजो, दुसऱ्या गोळीसमोर त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय. वहीप्रमाणे लागू पडली नाही. आजोबांना परत विचारायचे. हे काय? तुम्हाला काय विचारायचं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवाला नेमकं काय विचारलं होतं तुम्ही? शब्द सांगा." मी शब्द सांगितले. ती म्हणाली, "मी तर थांबते म्हटलं होतं." आणि फोन ठेवला.

आठ दिवसांनी तिचा परत फोन आला. डॉक्टरांनी तीच दुसरी गोळी सुरू केलीय. लागू पडते की नाही हे अजून कळायचंय. हात थोडे थरथरतात, पण चालवून घेईन म्हणते. गोळी स्वतः पट्टीतून काढून घेते. माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही, आणि तिने बोलावं असं म्हणायला मला तोंड नाही. लिहायला मात्र तिनेच सांगितलं. "डिचोलीत अजून लोक त्यांना नावं ठेवत असतील," म्हणाली.

म्हणून हे वाचनालयाच्या अंकात देतोय. जिन्यावर त्या बुधवारी बसलेल्यांपैकी कुणी वाचेल. बेकरीवाला वाचणार नाही, त्याला मी जाऊन सांगेन.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. डॉक्टर, तुमचा अंदाज चुकला नव्हता. दुसरी गोळी लागू पडली होती. ती मी तिला दिली नाही आणि दिली म्हणून लिहिलं. एकतीस वर्षांत मी खोटं वजन लिहिलं नव्हतं, ते तुमच्या वहीत लिहिलं. तुम्ही मला उंडे आणायला न पाठवता बसवून ठेवलंत, तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.